तोंड गोड करणं म्हणजे खाणं नव्हे

भोर,
सोमवार, दुसरा चहा झाल्यावर

फूऽऽ... फूऽऽऽ... फू!

आक्का, नमस्काराच्या आधी हा आवाज लिहिला, कारण गेले काही दिवस तो माझ्या कानातून जायलाच तयार नाही. ओळखलात ना? पासलीच्या तुमच्या घरातली लोखंडी फुंकणी. तुम्ही पहाटे चुलीपुढे बसून ती तोंडाला लावत होतात, दोन फुंकरा लांब आणि तिसरी आखूड, आणि तिसरीला जाळ भडकन उठायचा. तुमच्या पाठचा भाऊ गेनबा आणि मी एका घोंगडीत पडल्यापडल्या त्याच तालावर आदल्या दिवशीची कविता घोकत असू. (वडील तिथे मास्तर, आई इकडे भोरला आजारी, म्हणून दोन वर्षं मी तुमच्याच घरचा.) शाळेतल्या सगळ्या कविता मला आजही पाठ आहेत, फक्त प्रत्येक कडव्याच्या शेवटी डोळ्यांत धूर जातो. तर आक्का, इतक्या वर्षांनी तोच आवाज मला विंझरच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ऐकू आला. एका फुंकणीचा नव्हे, बारा फुंकण्यांचा!

आता रीतसर. ती. चंद्राक्कांस नारायणाचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण वाकलो की उठवायला शैलजेला हाक मारावी लागते आणि ती सध्या माझ्याशी मोजकं बोलते आहे. कारण पुढे येईलच.) फलटणची थंडी कशी आहे? गुडघ्याला तेल लावता ना? कानातलं यंत्र डबीत न ठेवता कानात ठेवता का? आणि तुम्ही पणजी झालात त्याबद्दल माझ्या आणि शैलजेच्या वतीनं अभिनंदन. तुमची नात राजनंदिनी आणि बाळ दोघीही खुशाल असल्याचं कळलं. कसं कळलं, कुठे कळलं आणि कळल्यामुळे काय अनर्थ झाला, हेच या पत्रात सांगायचं आहे. तुम्हाला दोष देत नाही. पण वैद्यकशास्त्राच्या एका प्रयोगाची माती झाली ती तुमच्या एका फोनमुळे, एवढं मात्र खरं.

तुम्हाला माहीत आहे की मी भोर स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायचो, आणि गद्यात पुकारायला जिवावर यायचं म्हणून पद्यात पुकारायचो. ‘चला चला हो वेल्हेकर, गाडी तीनवरती, उतरणाऱ्या माणसांना वाट द्या हो पुरती.’ (यावर वरिष्ठांनी मला मेमो दिला होता. मेमोची भाषा अगदीच रटाळ होती.) अशा माणसाची आयुष्यात कशासाठी निवड होणार? नाटकात झाली नाही, पंचायतीत झाली नाही, बायकोनंसुद्धा म्हणे दुसरं स्थळ मोडलं म्हणून होकार दिला. आणि आक्का, आता पंचाहत्तरीत माझी निवड झाली. निरोगी माणूस म्हणून! रक्त तपासलं, वजन घेतलं, पोट दाबून पाहिलं आणि पुण्याहून आलेल्या डॉक्टर प्रेरणा म्हणाल्या, ‘आजोबा, तुम्ही आम्हाला चालाल.’ ‘चालाल’ हा शब्द मी घरी येईपर्यंत तीन चालींत म्हणून पाहिला. शैलजा म्हणाली, ‘तुमचं पोट धड आहे हे मला विचारलं असतं तर मी फुकट सांगितलं असतं. एवढी वर्षं त्यात स्वयंपाक कोण टाकतंय?’

हे सगळं सुरू झालं ते आपल्या गेनबावरून. सखूबाईनं भादव्यात मला फोन केला. नवऱ्याबद्दल ती कधी तक्रार करत नाही हे तुम्ही जाणताच, त्यामुळे आधी म्हशीची चौकशी झाली, मग भाताची, आणि मग म्हणाली, ‘भावजी, येकदा येऊन बगा. आताशा सदऱ्यात मानूस हुडकावा लागतोय.’ मी गेलो. खरंच की हो! जेवण तेवढंच, भूकही तेवढीच, पण अंगी काही लागत नाही. तुपाचा थेंब पोटात गेला की पोट दुखून पाठीपर्यंत कळ जाते आणि मग परसाकडच्या फेऱ्या. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडाचं काहीतरी दिसतंय, पुण्याला जाऊन मोठ्या यंत्रात तपासून या. गेनबा म्हणाला, ‘भात कापनीला आलाय आन् म्या यंत्रात झोपू व्हय?’ आणि विळा घेऊन वावरात गेला.

(स्वादुपिंड! आक्का, शब्द तरी पाहा किती देखणा. जठराच्या पाठीमागे हा अवयव मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प बसलेला असतो, आणि स्निग्ध अन्न पचवणारा रस सोडत असतो. दुखलं तरी आपल्याला वाटतं पोटच दुखतंय. मी त्याच्यावर एक कडवं केलंय: ‘जठरामागे दडून बसशी, दिसशी ना तू कोणाला, लोणी पचवी तुझाच रस, पण श्रेय मिळे रे पोटाला.’ डॉक्टर प्रेरणांनी ते मोबाईलमध्ये उतरून घेतलं.)

अशात पुण्याची काही संशोधक मंडळी विंझरला आली. त्यांचं म्हणणं असं, की स्वादुपिंड बिघडलंय हे कळायला माणसाला पुण्यापर्यंत न्यावं लागतं, मोठं यंत्र लागतं, आणि डोंगरातली माणसं तोवर घरीच खंगतात. तर गावातल्या गावात, नुसत्या श्वासावरून हे ओळखता येईल का? युक्ती अशी. पावाला मोजून लोणी लावून द्यायचं. त्या लोण्यात थोडी खास चरबी मिसळलेली, तिच्यात नेहमीच्यापेक्षा किंचित जड असा कार्बन, म्हणजे खुणेचा. स्वादुपिंडानं रस सोडला, चरबी पचली, की ती खूण श्वासातून बाहेर पडते. नाही पचली तर नाही पडत. माणसानं फक्त सहा तास बसायचं आणि दर अर्ध्या तासानं काचेच्या नळीत फुंकायचं. सुई नाही, यंत्रात झोपणं नाही. आजारी माणसं पाहिजेत, आणि ताडून पाहायला त्याच भागातली, त्याच वयाची धडधाकट माणसंही पाहिजेत. मी पासलीला जाऊन गेनबाला म्हटलं, यंत्र नको तर नको, फुंकायला तरी ये. तो म्हणाला, ‘तू फुकशील तर म्या फुकीन. येकटा न्हाई जायाचा.’ असा मी शास्त्राच्या सेवेत शिरलो.

आधी तीन दिवस पथ्य. आणि पथ्य काय, तर ज्वारी नाही, बाजरी नाही, नाचणी नाही, मका नाही, ऊस नाही, साखर नाही! नुसता भात, गव्हाची पोळी, वरण आणि भाजी. कारण मोठं गमतीचं आहे. तो जो जड कार्बन, तो या पिकांमध्ये निसर्गतःच जरा जास्त असतो. भाकरी खाऊन फुंकलं तर नळीला कळत नाही की खूण लोण्यातून आली की बाजरीतून. (मला हे ऐकून रात्रभर झोप आली नाही. म्हणजे आपल्या आया भाकरी थापत होत्या तेव्हा त्या कणाकणानं आपल्याला वजनदार करत होत्या! यावर खंडकाव्य होईल.) बिनसाखरेच्या चहानं माझी वृत्ती गंभीर झाली. गेनबाच्या घरात सखूबाईनं नाचणीचं पीठ माळ्यावर टाकलं आणि शिडी काढून ठेवली.

आणि मग तो दिवस. भिंतीकडेनं बाकं, बाकांवर आम्ही बारा जण, सहा आजारी, सहा निरोगी. कोण कुठला हे चेहऱ्यावरून ओळखायला येत नव्हतं, कारण निरोगी मंडळी घाबरल्यामुळे जास्त आजारी दिसत होती. डॉक्टर प्रेरणांनी आधी सगळी माहिती मोठ्यानं वाचून दाखवली आणि पटलं तरच सही करा म्हणाल्या. (माहिती चांगली होती, पण वाक्यांना डौल नव्हता. मी दोन ठिकाणी बदल सुचवले.) मग लोणी-पाव आला. गेनबा पावाकडे पाहत म्हणाला, ‘लोन्याला पुन्याहून कशापायी आनलंत? आमच्या म्हशीनं काय घोडं मारलंय?’ खाल्लं. फुंकलं. नळीला लगेच बूच लागलं, बुचावर नाव लागलं. गेनबानं नळी उजेडात धरून पाहिली.

‘ताई, हिच्यात तर काय बी न्हाई. मोकळीच नेताय व्हय पुन्याला?’

‘बाबा, तुमचा श्वास आहे तिच्यात.’

‘मंग बूच घट लावा. लई वर्सांचा हाय.’

सगळा हॉल हसला. मी सगळ्यांना फुंकण्याची पद्धत सांगितली, मनात शार्दूलविक्रीडिताचा एक चरण म्हणायचा आणि तो संपेपर्यंत फुंकर तोडायची नाही. किकवीच्या एका गृहस्थांना ते वृत्त येत नव्हतं, त्यांनी आरती म्हटली. बारा जण एकदम फुंकायला लागले आणि आक्का, मी डोळे मिटले. दोन लांब, एक आखूड. मला पासलीचं घर दिसलं, घोंगडी दिसली, जाळाच्या उजेडात लाल झालेला तुमचा गाल दिसला. पहिला तास गेला, दुसरा गेला, आम्ही वहाणा काढून पुन्हा शाळेत बसल्यासारखे बसलो होतो. सगळं कसं शास्त्रशुद्ध चाललं होतं.

आणि अकरा वाजता तुमचा फोन आला.

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून गेनबा ओरडून बोलतो, आणि तो ओरडला की विंझरपासून वेल्ह्यापर्यंत कळतं. ‘काय झालं? पोरगी? आगं मंग हळू काय सांगतीस, लक्षुमी आली! राजी बरी हाय न्हवं? आन् तू पनजी झालीस की म्हातारे!’ फोन ठेवला आणि आक्का, माझ्या मित्राच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रक्त आलं. उठून उभा राहिला, पण कुणाला काय देणार? खिशात तंबाखूसुद्धा नाही. बारा माणसांत अशी बातमी यावी आणि कुणाचं तोंड गोड होऊ नये, हे पाहणं मला जमण्यासारखं नव्हतं. नेमकी वीज गेलेली होती, डॉक्टर प्रेरणा वायरमनशी बोलायला बाहेर होत्या. मी समोरच्या दुकानातून गुळाची किलोची ढेप आणली. पेढे मिळाले नाहीत (आणि साखरेचं पथ्य होतं, ते माझ्या पक्कं लक्षात होतं. निदान त्या बाबतीत मी नियमाला धरून वागलो असं मला तेव्हा वाटलं.)

गेनबानं स्वतःच्या हातानं गूळ वाटला. आवळ्याएवढा एकेक खडा. पहिली फेरी बाळाची. दुसरी राजनंदिनीची, सुखरूप सुटका झाली म्हणून. तिसरी तुमची. साखरेचा आजार असलेले दोघे होते, त्यांनी खडा लहान घेतला पण नाकारला नाही. नळ्यांवर नावं चिकटवणाऱ्या मदतनीस बाई होत्या, त्यांनी ‘अगंबाई, मुलगी का!’ म्हणत स्वतःच हात पुढे केला. उरलेला तुकडा मी सदऱ्याच्या खिशात टाकला. वीज आली, डॉक्टर आल्या, पुढची फुंकर झाली. शेवटी दुपारी त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, मधे कुणी काही खाल्लं का? आणि आम्ही बाराही जण, खणखणीत आवाजात, अगदी स्वच्छ मनानं म्हणालो, ‘न्हाई!’

आणि आक्का, तुम्हीच सांगा, खोटं बोललो का? खाणं म्हणजे काय? ताटावर बसणं, निदान मूठभर काहीतरी चावणं. कुणाच्या घरची आनंदाची बातमी जिभेवर ठेवली तर त्याला आपल्याकडे खाणं म्हणतात का? देवळात हातावर प्रसाद पडला तर ‘मी आत्ता खाल्लंय’ असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. बारा माणसांत एकालाही शंका आली नाही, यातच काय ते समजा.

आठवड्यानं पुण्याहून गाडी आली. डॉक्टर प्रेरणांबरोबर त्यांचे मोठे डॉक्टर, आणि त्यांचा चेहरा असा की आपल्या शाळेत इन्स्पेक्टर खूश होऊन आले होते तसा. आम्हा सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये बोलावलं. भिंतीवर आलेख दाखवले. काय सांगू! अकरा वाजेपर्यंत आजाऱ्यांची रेघ सपाट, निरोग्यांची चढती, जशी असायला हवी तशी. आणि अकरानंतर बाराच्या बारा रेघा एकदम वर! आजारी-निरोगी भेदच मिटला. मोठे डॉक्टर म्हणाले, सगळ्यांची स्वादुपिंडं एकाच वेळी जागी झालेली मी आजवर पाहिली नाहीत. त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. भाताचं वाण विचारलं. तोरण्यावरून वारं कोणत्या वेळी येतं तेही विचारलं. मग गंभीरपणे म्हणाले, ‘अकरा वाजता इथे नक्की काय झालं होतं?’

गेनबा उठून म्हणाला, ‘सायेब, अकराला आनंद झाला हुता.’

मोठ्या डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. ‘आनंद’ लिहून त्याखाली रेघ ओढली, हे मी स्वतः पाहिलं. आणि गेनबा भिंतीपाशी जाऊन स्वतःच्या रेघेवर बोट फिरवायला लागला. ‘नारबा, ह्ये बग. ह्यो आपला माळ, आन् हितनं चढलाय त्यो तोरना!’ मला तर भरून आलं. आपल्या भागात काहीतरी आहे, हवेत, पाण्यात, माणसांत, हे मी शाळेपासून कवितांमधून शिकलो होतो, आता नळीतून सिद्ध झालं!

परतीच्या वाटेवर दोघं डॉक्टर आमच्याकडे भोरला चहाला थांबले. (मीच आग्रह केला. संशोधनात सहभागी माणसाचं राहणीमान पाहावं म्हणून.) मोठे डॉक्टर परदेशात हे कुठे कुठे सांगावं लागेल ते बोलत होते, आणि मी आलेखाला शीर्षक सुचवत होतो. तेवढ्यात शैलजा माझा सदरा दोन बोटांत धरून बाहेर आली. (संशोधनाचा सदरा म्हणून मी तो धुवायला टाकला नव्हता, खुंटीला लावला होता.)

‘अहो, हा विंझरला घातला होतात ना? खिशात मुंग्यांनी गाव वसवलंय. गूळ कशाला ठेवला होतात?’

आक्का, एस.टी.चा कर्णा मधेच बंद पडला की स्टँडवर एक विशिष्ट शांतता पसरते. तशी पसरली. मोठ्या डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

‘किती गूळ?’

‘आवळ्याएवढा.’

‘एकदा?’

‘तीनदा,’ मी म्हणालो. ‘पण खाल्ला नाही हो. नुसतं तोंड गोड केलं.’

त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर हात ठेवले. डॉक्टर प्रेरणा उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या, पण शैलजा सांगते की पाण्याच्या पिंपाला धरून हसत होत्या. मग बाहेर येऊन त्यांनीच मला समजावलं, की आजोबा, गूळ म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे तोच जड कार्बन. म्हणजे अकरानंतर आम्ही सगळे स्वादुपिंड नव्हे, ऊस फुंकत होतो! शैलजेनं तेव्हापासून बोलणं मोजकं केलं आहे. तिचं म्हणणं, बाहेरच्या लोकांसमोर मुंग्या दाखवाव्या लागल्या.

पण निराश होऊ नका. मोठे डॉक्टर खरंच मोठे निघाले. जाताना दारात थांबून हसले आणि म्हणाले, चूक आमची, आम्ही ‘खाल्लं का’ विचारलं, ‘तोंड गोड केलं का’ विचारलंच नाही. आता सूचनांमध्ये नवी ओळ घातली जाणार आहे, आणि ती ओळ, आक्का, माझी आहे! ‘येवो बातमी कसलीही ती, जिभेस लावू नका गुळाला, सहा तास हो धीर धरा, मग हसत मुखे या फराळाला.’ कर्ण्याबाहेर प्रसिद्ध होणारी माझी ही पहिली रचना. येत्या शुक्रवारी विंझरला सगळी तपासणी पुन्हा आहे. उद्यापासून पथ्य. अकरा जण तयार आहेत.

बाकी इकडे सगळं ठीक. बाळाच्या टाळूवर माझ्या वतीनं थोडं तेल जास्त घाला.

तुमच्या चुलीच्या धुरात वाढलेला,
नारायण

ता. क. अकरा लिहिलं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. बारावा गेनबा. तो येत नाही म्हणतो. काल मी पासलीला जाऊन गुळाचं सगळं सांगितलं. आधी हसला. मग एकदम माझ्यावरच उसळला. ‘गुळानं न्हाई चढली रेग. पोरीच्या पायगुनानं चढली. जन्मली त्याच घटकंला माज्या पोटातलं जागं झालं, आन् तू म्हनतोस ऊस? ल्हान जिवाचा पायगुन खोटा पाडतोस? पुन्यांदा फुकलो आन् रेग खाली आली, तर त्या पोरीला लोक काय म्हनतील?’ मी समजावलं, सखूबाईनं पदर डोळ्याला लावला. तो म्हैस सोडायला निघून गेला. मला मोडक्या दावणीपाशी उभं करून.

ता. क. दुसरा. डॉक्टर प्रेरणांनी आलेखाच्या दिवशीच हे गेनबाला समोर बसवून सांगितलंय आणि त्यानं पासलीभर सांगितलंय, म्हणून तुम्हाला लिहायला हरकत नाही. गुळाआधीची त्याची रेघ अगदी सपाट आहे. जुनी सूज असेल तर जेवणाबरोबर गोळ्या मिळतात, त्यानं अन्न अंगी लागतं, माणूस पुन्हा सदऱ्यात भरतो. पण दुसरंही काही असू शकतं, आणि तसं असलं तर आठवडे मोजायची वेळ नाही. शुक्रवारी रेघ पुन्हा सपाट आली तर डॉक्टर मंडळी त्याला दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या गाडीतून पुण्याच्या यंत्रापाशी नेणार आहेत. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो जाणार नाही, हे त्यांनाही कळलंय. म्हणून हे पत्र. मघापासून जे लिहिलं ते सगळं या विनंतीसाठी, आणि धीर होत नव्हता म्हणून एवढं लांबलं. आक्का, बाळ तुमचं आहे. पायगुणाबद्दल बोलायचा हक्क जगात फक्त तुम्हाला आहे. बारशाला अंगडं-टोपडं तोच आणणार. त्याला एवढंच कळवा, की ज्यानं आधी फुंकलं नाही त्याच्या हातचं टोपडं माझ्या पणतीच्या डोक्यावर चढणार नाही. तुमचा शब्द त्यानं आजवर मोडलेला नाही.

ता. क. तिसरा. फोन का केला नाही? केला होता, दोनदा. तुम्ही ‘कोन? बाळ झोपलंय’ म्हणून ठेवून दिलात. आणि खरं सांगायचं तर, आवाज साथ देईल की नाही याची खात्री नव्हती. त्या दिवशी हॉलमध्ये शेवटच्या फुंकरीला गेनबाला दम लागला, तेव्हा मी त्याचा दंड धरला. आक्का, माझी बोटं पूर्ण फिरून एकमेकांना लागली. त्या रात्री मी एक कविता म्हणायला घेतली आणि दुसरी ओळ आठवली नाही. असं आजवर झालं नव्हतं. पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टानं टाकतो, बुधवारपर्यंत पोहोचेल. पथ्य मात्र उद्यापासूनच हवं, म्हणजे एक दिवस हातचा जातोच, त्याचं काय करावं ते

कडी वाजतेय. शैलजा म्हणते तुम्हीच बघा, मी पीठ मळतेय. आलोच.

आक्का!

आक्का, हे काय! तुम्ही! या वयात, एकट्या, फलटणहून एस.टी.नं? कानातलं यंत्र लावून? सखूबाईनं तुम्हालाही फोन केला होता म्हणे, आणि तिचं तेवढं तुम्हाला ऐकू आलं. आणि मागे पायरीवर तांदळाची पिशवी पोटाशी धरून खाली मान घालून उभा आहे तो गेनबा, तुम्ही आधी पासलीला जाऊन धरून आणलेला, उजवा कान अजून लालबुंद. तुम्ही ओट्यावर बसून दम घेताय, शैलजेला सांगताय की तीन दिवस चूल तुमच्याकडे, भाताशिवाय काही शिजणार नाही आणि दोघांच्या तोंडावर तुमची नजर राहील. गेनबा पुटपुटतोय, ‘आक्का म्हनती, पोरीचा पायगुन असा हाय की पनजीचा भाऊ डाक्टरकडं जातोय. मंग आता काय बोलायचं?’ मी मेजाशी धावलो ते हे कागद झाकायला, पण सवयीनं लिहीतच राहिलो, आणि तुम्ही चष्मा पुसत माझ्या खांद्यावरून वाकून विचारताय,

‘नारायना, कुनाला लिवतोयस रं येवढं?’